ठमीला ऐकू येतं का?

"बाबांनीही आत यायला हरकत नाही," मुलांचे कान तपासणारी कानताई म्हणाली, आणि पहिल्याच वाक्याला तिची फजिती झाली.

"हा बाबा नाही," पाच वर्षांची ठमी शांतपणे म्हणाली. "बाबा रागावतो. हा नुसता घाबरतो."

तो काका होता. पहाटेपासून बेकरीत पाव भाजणारा, उंचापुरा, एका भुवईला पीठ लागलेलं... आणि खरंच घाबरलेला. शाळेतल्या बाईंच्या मते पोरीला ऐकू कमी येत होतं. प्रश्न एक, उत्तर भलतंच.

"बाईंनी विचारलं, फांदीवर पाच पक्षी होते, एक उडाला, किती राहिले? तर म्हणते, उडालेल्याला विचारा, परत येणार आहे का ते," तो कसंनुसं हसत म्हणाला. "कानात दोष निघाला तर शाळा बदला म्हणतात."

"नाही निघणार," कानताई म्हणाली. तपासणीआधी असं बोलायचं नसतं. कशी बोलून गेली, देव जाणे.

लहान मुलांचे कान तपासायचे म्हणजे खेळच मांडावा लागतो. बाहेरचा आवाज शिरणार नाही अशी बंद खोली, तिला काचेची खिडकी. मुलाच्या कानांवर हेडफोन. बाहेर यंत्रापाशी बसून कानताई आवाज सोडणार, आणि ऐकू आला की मुलाने एक लाकडी मणी डब्यात टाकायचा. ठमी ऐटीत बसली. कानताईने बारीक आवाज सोडला, मग मोठा, मग चांगला दणदणीत. ठमीने एक मणी टाकला असेल तर शपथ. तिच्या शेजारी बुटक्या खुर्चीत, गुडघे छातीशी घेऊन काका श्वास रोखून बसला होता — आपला आवाज नको व्हायला म्हणून. त्याच्याकडे बघता बघता कानताई पुढचा आवाज सोडायचाच विसरली.

यंत्राच्या मते मुलगी ठार बहिरी. आणि खोलीबाहेर आल्यावर दाराआडून कुणीतरी 'चॉकलेट' एवढंच कुजबुजलं, तर हीच मुलगी धावत आली. कानताई पार चक्रावली. "पुन्हा या," म्हणाली.

दुसऱ्या खेपेलाही तेच. मधेच तिने, अगदी सहज विचारल्यासारखं, ठमीला विचारलं, "तुला काकू आहे का गं?"

"आहेत की. वरच्या मजल्यावर दोन, समोर एक."

झालं. कानताईच्या डोक्याचा भुगा. आपण हे काय विचारतोय — आणि कशाला? त्याचं लग्न झालं असेल नाहीतर नसेल, आपल्याला काय त्याचं? पण जाताना तो "येतो" म्हणाला, तेव्हा छातीत जे धडधडायला लागलं ते लागलंच.

तिसऱ्या खेपेला तिने मण्यांचा डबा बाजूला ठेवला आणि सरळच विचारलं, "ठमे, आवाज येतो की नाही?"

"येतो की."

"मग मणी का टाकत नाहीस?"

"तूच वाजवतेस ना? मग तुला माहीतच आहे, वाजला ते."

कानताई जरा पुढे वाकली. मग हळूच म्हणाली, "यंत्र म्हातारं झालंय गं. कधी वाजतं, कधी नाही. बाहेर मला कळतच नाही." ही अडचण ठमीला पटली. डबा पुन्हा पुढ्यात घेऊन ती मणी टाकत सुटली. कान अगदी ठणठणीत निघाले.

कानताईला आनंद झाला, पण क्षणभरच. निकाल बघायला शेजारी येऊन बसलेल्या दवाखान्यातल्या थोरल्या मॅडमकडे वळून ती पुटपुटली, "आता हे कशाला येतील परत? लग्न झालंय का, एवढंसुद्धा विचारता आलं नाही मला."

आतल्या मुलाशी बोलायचा माइक बंद करायचा राहिला होता. तिचा शब्द न् शब्द हेडफोनमध्ये गेला.

काचेपलीकडे ठमी काकाकडे वळली. तिचं बोलणं यंत्रातून बाहेर स्वच्छ ऐकू आलं. "काका, कानताई विचारतेय, तुझं लग्न झालंय का?"

मॅडमनी तोंडाला रुमाल लावला. कानताईला कुठे तोंड लपवावं ते कळेना. तेवढ्यात ठमीचा हात धरून काका बाहेर आलाच.

"नाही झालं," तो म्हणाला. "आणि... एक सांगायचं राहिलंय. मणी का टाकले नाहीत, ते हिने मला पहिल्याच दिवशी बसमध्ये सांगितलं होतं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मी इकडे पुस्तकं पालथी घालतेय, आणि तुम्ही... मग परत परत आलात कशाला?"

त्याने केविलवाणं ठमीकडे पाहिलं.

"मी नाही सांगणार," ठमी म्हणाली. "ती तुला विचारतेय."

"तुम्हाला बघायला," तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला. "आवडता तुम्ही मला. फार."

"काय म्हणालात?"

"ऐकू नाही आलं?"

"आलं," कानताई म्हणाली. "पुन्हा म्हणा."