तीळभाताचे गोळे

हे खरं घडलेलं आहे. कृष्णस्वामी माझे साडू. त्यांनी मला हे एकदाच सांगितलं. त्यांच्याइतकं नीट मला सांगता येईल की नाही, शंकाच आहे.

कुंभकोणम. गेल्या वर्षीची तमिळ तै महिन्यातली, म्हणजे आपली पौषी अमावस्या. सकाळचे साडेसहा.

कृष्णस्वामी आंघोळ करून कावेरीवर तर्पणाला निघाले होते. हातात पंचपात्र, तिळाची वाटी.

इतक्यात मध्वेशचा व्हिडिओ कॉल आला. मध्वेश म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, कॅनडात असतो. तिथं आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. अंधार पडलेला.

"अप्पा, मी कुठं आहे, सांगा बघू!"

पडद्यावर लहानसा तंबू दिसला. आत एक दिवा आणि गळाची काठी. मध्वेशच्या पायांशी पांढरीशुभ्र जमीन, आणि तिच्यात एक गोल, काळं भोक.

"तळं आहे हे, अप्पा. गोठलेलं. वरून गाड्या जातात."

दूर कुठंतरी काहीतरी कण्हल्यासारखं झालं.

"बर्फाचा आवाज तो. थंडी वाढली की करतो."

वेदवतीबाई नवऱ्याच्या खांद्यावरून डोकावल्या. "मासे धरतोस? अय्यो! मत्स्यावतार सोडला तर आपल्या घरात मासा आला नाही रे आजवर!"

"खात नाही गं आई, सोडून देतो. दुपारी दोन ट्राउट आले, सोडले. आता बर्बट माशाची वेळ. तो तळाशी असतो, अंधार पडला की हिंडतो. हनुवटीवर एकच केस. अगदी मामासारखा दिसतो."

"माझ्या भावाला बोलू नकोस! आणि गळाला काय लावतोस?"

मध्वेश ओशाळला. "इथं लोक मेलेली मासळी लावतात. मला हात लावायला होईना. तू पाठवलेली तीळपूड भातात कालवली आणि गोळे केले."

कृष्णस्वामींनी हातातल्या तिळाच्या वाटीकडे पाहिलं.

अमावस्या. तीळ. भाताचा गोळा. पाणी.

बाप जिवंत असताना मुलानं तिळाचा पिंड पाण्यात सोडायचा नसतो. तो पितरांचा घास. आणि त्या परक्या पाण्यात तो घ्यायला कोण येईल...

"किती सोडलेस?" त्यांनी विचारलं.

"दोन. गळ वर काढावा तर रिकामा. मासा नाही, झटका नाही. हा तिसरा."

"थांब..."

गोळा भोकात दिसेनासा झाला होता.

आणि बर्फाचं कण्हणं थांबलं.

एकदम.

"कुणाची गाडी आली वाटतं," मध्वेश म्हणाला.

"कशावरून?"

"भोकातलं पाणी वर आलं. जवळ वजन आलं की बर्फ दबतो, मग पाणी चढतं."

गाडीचा आवाज नव्हता.

मध्वेशनं तंबूची चेन उघडून बाहेर बॅटरी मारली. "कुणी नाही. पावलंसुद्धा नाहीत."

पाणी आणखी चढलं...

काठावरून ओघळलं...

त्याच्या बुटांना लागलं.

"अप्पा... पुष्कळजण आल्यासारखं चढतंय."

"बाहेर पड! पळ!"

"कसा पळू? दाराशीच बर्फ वाकलाय. पाय ठेवला तर फुटेल."

कृष्णस्वामींना शास्त्र पुरतं ठाऊक नव्हतं. चुकलं तर? आणखी बिघडलं तर?

तरी त्यांनी फोन बायकोच्या हातात दिला आणि परसात गेले. दार ओढून घेतलं. दक्षिणेला तोंड करून बसले. जानवं उजव्या खांद्यावर घेतलं. तीळ घालून पाणी सोडलं.

नावं कुणाची घ्यायची?

"ज्यांचं कुणी नाही, त्यांना," ते म्हणाले. पंचपात्र रिकामं होईपर्यंत तेवढंच म्हणत राहिले.

आत आले तेव्हा वेदवतीबाई भिंतीला टेकून रडत होत्या.

"उतरलं पाणी. पोरगं पळत काठाला लागलं."

मध्वेश पुन्हा तळ्याकडे फिरकला नाही. तो शहरात राहतो, उंच इमारतीत, तळ्यापासून खूप लांब.

कृष्णस्वामी मात्र त्यानंतर दर अमावस्येला, आपल्या पितरांचं आटोपलं की, एक ओंजळ जास्त सोडत. एकदा दिलं ते थांबवायची त्यांना भीती वाटे. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही, मुलालाही नाही.

गेल्या अमावस्येला त्यांना ताप होता. अंथरुणातून उठवलं नाही. पाणी द्यायचं राहिलं.

संध्याकाळी मध्वेशचा फोन आला.

"बरा आहेस ना रे?"

"अप्पा... आज ती शेवटची ओंजळ दिली नाहीत?"

कृष्णस्वामी अंथरुणात उठून बसले. "तुला कुणी सांगितलं?"



तो अगदी हळू बोलला. शेजारी कुणी झोपलं असावं आणि जाग येऊ नये, तसा.

"इथं विचारतायत."

त्या रात्री ते तापातच भिंत धरत परसात गेले. पाणी सोडून आले. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी मला हे सारं सांगितलं.

परवा पुन्हा अमावस्या आहे.

आज मी त्यांना बघून आलो.

उजवा हात उचलता येत नाही. वाचाही गेली आहे.

वेदवतीबाईंना त्या जास्तीच्या ओंजळीचं अजून काही माहीत नाही. त्या मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "मध्वेश सारखा फोन करतोय हो. परवाचं काय करायचं, एवढंच विचारतो..."