सहाव्या निशाणापलीकडे

गोल्फ क्लबचा सामना दोन महिन्यांवर आला होता. शनिवारी जेवण उरकून गॅविन रॅट्रेनं लाल फडक्याचं नवं निशाण खांद्यावर टाकलं, होल पाडायचं गोल पातं हातात घेतलं आणि तो मैदानाकडे निघाला. शेजारच्या घराच्या दारात बेथिया शिंपले सोलत बसली होती. सोमवारच्या गळांना आमिष लावायचं काम पोर्टार्डी गावच्या बायकांच्या पाचवीलाच पुजलेलं.

"खायला घेतलंस का काही?" तिनं मान वर न करता विचारलं.

"ओटकेक घेतलेत."

"मग जा बाबा. साहेबांचं गवत ताटकळत असेल."

गॅविन हसला. बेथिया त्याच्या बायकोची, मेरनची धाकटी बहीण. मेरन गेल्यापासून तीच त्याचा सदरा धुवायची, चूल पेटवायची आणि दिवेलागणीला आपल्या बापाच्या घरी परत जायची. मेलेल्या बायकोच्या बहिणीशी लग्न करायला त्या देशात कायद्यानंच बंदी होती. त्यामुळे तो विषय गावात कुणी काढत नसे, आणि या दोघांनी तर कधीच काढला नाही.

पोर्टार्डीचा गोल्फ क्लब तेव्हा नुकता कुठे उभा राहत होता. डॉक्टर पिट्री, शाळेचे गर्डवुड मास्तर आणि बँकेतले एक गृहस्थ अशा तिघांनी खाणावळीच्या मागच्या खोलीत बसून तो काढला. जमीनदाराकडून समुद्राकाठचं वाळूचं माळरान भाड्यानं घेतलं. गवत कापायला मेंढ्या होत्याच. त्यांच्यावर नजर ठेवायला, होल पाडायला आणि काठ्या घडवायला त्यांनी गावच्या सुताराला, म्हणजे गॅविनला, ठेवून घेतलं. सहा होल झाले. मग नियम झाले. मैदानावर कोळ्यांनी जाळी वाळत घालायची नाहीत आणि बायकांनी होलभोवतीच्या हिरवळीवर पाऊल टाकायचं नाही.

बायका त्यावर पोट धरून हसल्या होत्या, आणि मग चिडल्या होत्या. कारण डॉक्टरांना काठी कुठल्या टोकानं धरतात हे कळायच्या आधीपासून कोळणी त्या माळावर खेळत आल्या होत्या. दर नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी पाठीवरच्या टोपल्या उतरवायच्या, परकर खोचायचे आणि खेळायचं. जिंकेल तिला नवी टोपली. मेरनच्या घरी टोपल्यांना तोटा नव्हता. मारण्याआधी काठीची टाच ती जमिनीवर दोनदा आपटायची, टक, टक, आणि मग टोला. गॅविन तिच्या प्रेमात पडला तो त्या आवाजामुळेच, असं तो एकदा दारूच्या भरात बोलून गेला होता.

एका वसंतात मेरन ओहोटीच्या वेळी खडकांवर शिंपले वेचायला गेली. समुद्रावरून धुकं आलं. धुकं गेल्यावर टोपली सापडली, भरलेली. मेरन सापडली नाही. देवळाच्या आवारात दगडावर तिचं नाव कोरलं, पण त्या दगडाखाली ठेवायला काही नव्हतं.

तर त्या शनिवारी गॅविन सहाव्या होलपाशी पोचला. ही हिरवळ सगळ्यात शेवटची, पाण्याच्या अगदी कडेला. तिच्यापलीकडे वाळूचा उतार आणि मग समुद्र. त्यानं जुना होल बुजवला, नवा पाडला. निशाण रोवून उठला तेव्हा पाठीला गार वाटलं. वळून बघतो तर समुद्र नव्हता. धुकं आलं होतं. ते असंच यायचं तिथे, भर उन्हात, आवाज न करता. बघता बघता मेंढ्या गेल्या, गाव गेलं, हातातलं पातंही पुसट झालं. ओल्या लोकरीचा आणि कुजक्या शेवाळाचा वास तेवढा राहिला.

अशा वेळी जागचं हलायचं नाही, हे तिथलं पोरही जाणतं. गॅविन खाली बसला. ओटकेक मोडून तोंडात घातला.

टक. टक.

त्याचा घास तोंडातच राहिला.

मग टोला. स्वच्छ, कोरडा. काहीतरी डोक्यावरून सूं करत गेलं, हिरवळीवर आपटलं, घरंगळत निशाणापाशी येऊन थांबलं.

"कोण आहे?" तो म्हणाला. आवाज धुक्यात दोन हातांवरच विरला.

तो रांगत निशाणापाशी गेला, हातांनी चाचपलं. चेंडू नव्हता. पण गवतावर साचलेल्या धुक्याच्या दवात एक बारीक रेघ उमटली होती, सरळ, होलच्या काठापर्यंत आलेली.

त्याला भीती वाटायला हवी होती. वाटलीही असेल. पण घरी परतताना त्याचे गाल ओले होते आणि ते धुक्यानं झालेत असं तो स्वतःला सांगत होता.

त्यानंतर तो धुक्याची वाट बघू लागला. सकाळी उठला की आधी समुद्राकडे बघायचा. आभाळ निरभ्र असलं की चेहरा उतरायचा. धुकं आलं की कसलं तरी निमित्त काढून सहाव्या होलपाशी जाऊन बसायचा. दरवेळी ती यायची. टक, टक, टोला. तो बोलायचा तिच्याशी. छप्पर गळतंय, तुझ्या बापाचा खोकला वाढलाय, बेथिया तुझ्यासारखंच मासळीचं सार करते पण मीठ जास्त घालते. उत्तर कधी आलं नाही. टोल्यांमधलं अंतर मात्र थोडं लांबायचं, कुणी ऐकायला थांबावं तसं.

सामना झाला तो धुक्यातच. सकाळी लख्ख ऊन होतं. डॉक्टरांनी लाल कोट चढवला होता, पाद्र्यानं प्रार्थना म्हटली होती. डॉक्टर आणि मास्तर शेवटच्या होलवर येईतो पांढरी भिंत अंगावर आली. मास्तर म्हणाले, थांबू या. डॉक्टर म्हणाले, दोन टोल्यांनी मी पुढे आहे, थांबतो कशाला! त्यांनी काठी उगारली आणि मागून दुसऱ्याच कुणाचा टोला ऐकू आला. चेंडू डॉक्टरांच्या कानाजवळून गेला. त्यांची टोपी खाली पडली.

"कोण आहे रे तो?" डॉक्टर ओरडले. "शरम नाही वाटत?"

मास्तरांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. "तो नाही, डॉक्टर," ते हळूच म्हणाले. "परकराची सळसळ झाली... ओल्या परकराची."

संध्याकाळी खाणावळीत गॅविनला बोलावणं आलं.

"हे त्या कोळणींचं काम आहे," डॉक्टर म्हणाले. "मुद्दाम करतायत. तू त्या बाईला धर, गॅविन. नाव सांग मला. नाहीतर आम्ही दुसरा माणूस बघतो."

"डॉक्टरसाहेब, तिला धरता येणार नाही."

"का? एवढी पळते?"

कोपऱ्यातले दोघे-चौघे हसले. मास्तर हसले नाहीत. गॅविन टोपी हातात फिरवत उभा राहिला. "मी सांगून बघतो तिला," एवढंच तो म्हणाला.

ही गोष्ट त्याच्याआधी घरी पोचली होती. बेथिया चुलीपाशी उभी होती. तिनं ताट वाढलं नाही.

"तुला माहीत आहे ती कोण," ती म्हणाली.

गॅविननं बूट काढायला घेतले.

"मीही ऐकलंय, गॅविन. मागच्या महिन्यात, दोनतीनदा. आमिषासाठी किडे खणायला गेले होते वाळूत." तिचा आवाज खाली आला. "माझी बहीण आहे ती... मला नाही का कळणार?"

"मग तुला आनंद नाही झाला?"

"ती कुठल्या बाजूला मारते, बघितलंस का तू कधी? आधी गावाकडून निशाणाकडे मारायची. आता निशाणही ओलांडून पुढे मारते. थेट पाण्याकडे." बेथियानं त्याच्या खांद्याला हात लावला आणि लगेच काढून घेतला. "तुला घेऊन चाललीय ती. जाऊ नकोस तू. माझ्यासाठी... नाही, तुझ्या स्वतःसाठी जाऊ नकोस."

तो गेला. पुढचं धुकं आलं आणि तो गेला, टोपी न घेता. या खेपेला तो हिरवळीवर बसला नाही. टोला ऐकू आला तसा त्या दिशेनं चालू लागला. निशाण मागे पडलं. गवत संपलं, वाळू लागली. टक, टक. टोला. तो चालला. पुन्हा टक, टक, जरा पुढे. वाळू ओली झाली, मऊ झाली. आवाज नेहमी तेवढ्याच अंतरावर, पाच पावलं धावलं तर गाठता येईल इतका. त्याला लग्नाचा दिवस आठवत होता. मेरन अशीच पुढे पळत होती, बूट हातात घेऊन, मागे वळून हसत.

मग ती दिसली. पाठमोरी. पट्ट्यापट्ट्यांचा परकर पायांना चिकटलेला, केस सुटलेले, त्यांतून पाणी ठिबकत होतं. हातात काठी.

"मेरन," तो म्हणाला. "वळ ना... एकदा."

ती वळली नाही. पण थांबली. काठी तिनं मागे केली, मूठ त्याच्याकडे, पकड म्हटल्यासारखी. त्यानं हात पुढे केला. मुठीवर बोटं टेकली, इतकी गार की जळल्यासारखं वाटलं.

"गॅविन!"

हाक मागून आली, लांबून. मेरनची नव्हती. बेथिया वाळूच्या उतारावर उभी राहून जिवाच्या आकांतानं ओरडत होती. ती हाका मारत राहिली, शिव्या देत राहिली, माझं सार कोण खाणार मेल्या, असलं काहीबाही बोलत राहिली, आवाज फुटेपर्यंत. तेव्हा गॅविनच्या लक्षात आलं की आपण छातीपर्यंत पाण्यात आहोत आणि पायाखाली काही नाही.

त्यानं समोर बघितलं. मग काठीची मूठ सोडली.

कसा परत आला ते त्याला कधी आठवलं नाही. बेथिया कमरेपर्यंत पाण्यात शिरून त्याला ओढत होती, एवढं आठवत होतं. वाळूवर पडल्या पडल्या तो रडला. "तिनं काठी पुढे केली होती," तो म्हणत होता, "आणि मी सोडली... मी सोडली." बेथियानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तीही रडली, पण कुणासाठी, ते तिनं सांगितलं नाही.

त्यानंतर गॅविनला मेरन ऐकू आली नाही. धुक्यामागून धुकी आली. तो जाऊन बसायचा, कान देऊन. मेंढ्यांचं खोकणं, पाण्याचं चुबुकचुबुक, बस्स. डॉक्टर खूश झाले. त्यांना वाटलं, गॅविननं त्या बाईला चांगला दम भरला. क्लब वाढला. सहाचे नऊ होल झाले, लाकडाची खोली बांधली, आणि पुढे कधीतरी बायकांनाही खेळायची परवानगी मिळाली, शुक्रवारपुरती. वर्षं गेली. राणी गेली, राजा आला, आणि एका उन्हाळ्यात मेहुणीशी लग्नाला बंदी घालणारा तो जुना कायदाही उठला. गॅविन आणि बेथिया तोवर दोघंही पिकले होते. पाद्र्यानं आढेवेढे न घेता लग्न लावून दिलं. मास्तरांनी बेथियाला, खेळात जिंकणारीला देतात तशी, नवी टोपली भेट दिली, आणि गाव त्या थट्टेवर मनापासून हसलं.

बेथिया सुखी होती. पण एक गोष्ट तिनं नवऱ्याला सांगितली नाही. त्याला ऐकू यायचं बंद झालं, तिला मात्र ऐकू येतच राहिलं. दर धुक्यात. आधी लांब, पाण्याकडून. मग गवतावरून. लग्न झालं त्या वर्षी जाळी वाळवायच्या खांबांपाशी. आता टोले गावाकडे पडत होते.

शरदातल्या एका दुपारी धुकं गल्लीत शिरलं. गॅविन चुलीपाशी बसून एका काठीला दोरा गुंडाळत होता. बेथियानं दार लावलं, अडसर घातला.

"एवढं काय त्यात?" तो म्हणाला. "धुकंच आहे."

"गारठा येतो आत."

त्यानं दोऱ्याचा एक वेढा आवळला. मग डोकं कलतं करून म्हणाला, "बेथिया... तुला काही ऐकू येतं का गं, कधी?"

बाहेर, अंगणाच्या टोकाला, टक, टक.

बेथियानं त्याच्या तोंडाकडे बघितलं. किती आशेनं बघत होता तो. खरं सांगितलं असतं तर अनवाणी पळाला असता.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही."

"हं." तो परत दोऱ्याकडे वळला. "रागावली असेल. चालायचंच." हात थांबले त्याचे. "मी जाऊन बसलो असतो गं अजूनही. नुसता आवाज ऐकायला."

टोला झाला. काहीतरी उंबऱ्यापर्यंत घरंगळत आलं, आणि थांबलं.

ती रात्रभर त्याच्या दंडाला धरून जागी राहिली. पहाटे धुकं विरल्यावर तो उठायच्या आत तिनं अडसर काढला. दारासमोरच्या टणक मातीत, उंबऱ्याला लागून, एक होल पाडलेला होता. काठ इतके सुबक की गॅविनच्या पात्यानंही तसे निघाले नसते. समुद्र तिथून दोन शेतं खाली होता, आणि होल पाण्यानं काठोकाठ भरलेला होता. बेथियानं बोट बुडवून जिभेला लावलं. खारं होतं. आणि तिच्या डोळ्यांदेखत ते पाणी होलच्या आत हळूहळू खाली उतरत गेलं. खाली किनाऱ्यावर तेव्हाच ओहोटी लागत होती.