सिंहासन आणि एक डावी दाढ

वर्गात शिरायला तिला उशीर झाला, आणि त्या उशिरानेच सगळा घोळ केला.

सगळे वृक्षासनात उभे होते – एका पायावर, हात जोडून, नजर समोर रोवून. ती मांजराच्या पावलांनी शेवटच्या रांगेकडे निघाली, तिच्या पिशवीचा पट्टा कुणाच्या तरी कोपराला अडकला... आणि सहा फुटी एक झाड मुळासकट तिच्या अंगावर कोसळलं!

"लागलं का हो?" झाडाने विचारलं.

"झाड अंगावर पडल्यावर लागणारच ना!" ती म्हणाली खरी, पण त्याचा ओशाळलेला चेहरा बघून तिलाच हसू फुटलं.

"मूलाधार!" शिकवणाऱ्या काकू समोरून ओरडल्या. "पाय जमिनीत रुजले नाहीत की असंच होतं. दोघांचंही कच्चं आहे."

ती दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून मान आखडून गेलेली. "तू मान वळवत नाहीस गं, कपाटासारखी अख्खी वळतेस," असं म्हणत वहिनीनेच तिचं नाव इथे घातलं होतं. काकूंची पद्धत साधी होती. कण्याच्या तळापासून माथ्यापर्यंत सात चक्रं, दर आठवड्याला एक, आणि त्याची आसनं. शक्ती एका जागी तुंबू द्यायची नाही, असं त्यांचं म्हणणं.

तो होता अग्निशमन दलात.

"म्हणजे आगीत शिरता, शिडीवर चढता, आणि एका पायावर उभं राहता येत नाही?" तिने डिवचलं.

"शिडीला दोन्ही पाय लागतात, डॉक्टर."

मग ती वेळेआधी यायला लागली. तो तर दार उघडण्याआधीच पायरीवर बसलेला असे.

अनाहत चक्राच्या आठवड्यात उष्ट्रासन होतं. गुडघ्यांवर बसायचं, मागे वाकून टाचा धरायच्या, छाती छताकडे. "उघडा छाती," काकू म्हणाल्या. "कुणाला हसू येतं, कुणाला रडू. येऊ द्या."

तिला रडू आलं. बाबा गेल्यावर ती लगेच कामावर रुजू झाली होती. रडायचं राहूनच गेलं होतं. आता गालांवरून पाणी थेट कानांत शिरत होतं... शेजारून एक टॉवेल हळूच तिच्याकडे सरकला. तो बघतही नव्हता.

"धुतलेला आहे," एवढंच पुटपुटला.

रडता रडता ती खुदकन हसली, आणि आत कुठेतरी काहीतरी सैल सुटलं – मानेपेक्षा फार आतलं.

पुढच्या आठवड्यात विशुद्ध, म्हणजे कंठाचं चक्र. "सिंहासन! जोड्या करा, समोरासमोर बसा. जबडा उघडा, जीभ बाहेर, आणि गर्जना! मनातलं ओठांवर यायला हवं."

त्याने डोळे वटारून अशी काही गर्जना केली की खिडकीची तावदानं थरथरली. ती मात्र पुढे झुकून बघत राहिली... आणखी पुढे झुकली. त्याचे कान लाल झाले.

"काय... काय बघताय?"

"खालची डावी दाढ. पार किडलीये! दुखत नाही?"

"दुखते," तो पडेल आवाजात म्हणाला. "मी उजव्या बाजूने खातो."

"उद्या दवाखान्यात या."

"डॉक्टर, आगीला मी भीत नाही. पण ती सुई, ते घर्रर्र..."

"उद्या!"

आला. खुर्चीचे हात त्याने असे धरले होते, जणू खुर्चीच पळून जाणार होती. "पोटातून श्वास घ्या, काकू सांगतात तसा," ती म्हणाली, आणि बोलता बोलता तिने सुई टोचूनही टाकली. मग दाढ बधिर होईपर्यंत थांबायचं. मदतीला असणाऱ्या मावशी हत्यारं मांडत होत्या.

"बढती आलीये," तो छताकडे बघत म्हणाला. "दुसऱ्या शहरात. संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय."

तिच्या हातातला आरसा ताटलीत खणकन पडला. "मग... अभिनंदन."

"त्याआधी एक विचारायचं होतं. रोज पायरीवर ठरवून बसतो, पण..." जीभ जड होत चालली होती, ओठ ऐकेनात. "अला... थुंही... आअडता."

तिला पहिल्याच झटक्यात कळलं. काळीज असं उडायला लागलं की मास्कसुद्धा हलत असावा. तरी ती म्हणाली, "काय? नीट सांगा."

"अला थुंही आअडता! लग्न... कआल?"

"पुन्हा एकदा?"

"अहो बाई!" मावशींनी चिमटा आपटला. "बाहेर बसलेल्या पेशंटांनाही कळलं! किती छळाल बिचाऱ्याला?"

तिने मास्क खाली ओढला. तो श्वास रोखून बघत होता – घामेजलेला, एका बाजूने ओठ लोंबलेला, आणि तिला जगातला सगळ्यात देखणा माणूस वाटणारा.

"बढती घे तू," ती म्हणाली. 'तू' कधी निघालं, तिलाही कळलं नाही. "दात काय, सगळ्याच गावांत किडतात. मी येते की!"

"खअंच?"

"खरंच! हो! हो म्हणतेय मी!"

ती एवढ्या मोठ्याने ओरडली की बाहेरच्या बाकांवर सुजल्या गालांनी बसलेल्या मंडळींनी टाळ्यांचा कडकडाट केला. तो धडपडत उठायला गेला, तशी तिने खांद्याला धरून त्याला पुन्हा खुर्चीत बसवलं – आणि हात तिथेच राहू दिला.

"हलू नकोस," ती हसत, डोळे पुसत म्हणाली. "आधी आ कर."