भाड्यातून उरलं काय

"ने तो पुडा परत! शेवेच्या पुड्यानं माया इकत भेटते का रे?"

कौसल्येने पुडा अंगणात भिरकावला आणि श्रावण तो उचलायला वाकला. ढाणकीच्या बौद्धवाड्यातल्या याच घरात हा दीर तिच्या पदराआड वाढला होता. सासू गेली तेव्हा तापाने फणफणलेल्या त्या पोराला तिनेच मांडीवर घेतले होते. पुढे तो पुसदच्या एका सेठच्या गाडीवर ड्रायव्हर झाला, स्वतःचा जुना ट्रक घ्यायचे त्याच्या मनाने घेतले, आणि नवरा उकंडा नको नको म्हणत असताना कौसल्येने आपल्या दोन्ही दुभत्या म्हशी विकून पैसे दिराच्या ओंजळीत ओतले...! बाकीचे पैसे हप्त्यांनी फेडायच्या बोलीवर ट्रक आला, आणि श्रावण बायकोला घेऊन पुसदला राहायला गेला. सत्यशीला ट्रकमालकीण झाली. कौसल्या दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचू लागली.

"एका खेपेले शंभर रुपये भाडं भेटते म्हंतात वो!" बाजारातल्या बाया मुद्दाम सांगत. गेल्या बुद्धजयंतीला सत्यशीला जरीकाठाची हिरवी साडी नेसून आली होती. ती साडी कौसल्येच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. आपण वाढवलेल्या लेकराची कमाई ती कालची पोर अंगावर मिरवते, आणि आपल्याला शेवेचा पुडा! त्या मत्सराने तिचे अंतःकरण अहोरात्र धुमसत होते.

"मले आज पुसदले ने," ती एकदम म्हणाली. "पाहू दे तिचं राज्य."

श्रावणचा चेहरा उतरला. "आज नको, वहिनी... मंग कधी."

"काहून? लपवून काय राह्यला?"

त्याच्याने नाही म्हणवले नाही.

ढाणकीच्या बाजारात कापूस भरायच्या आधी दलाल बबनरावाने ट्रककडे न पाहताच सांगितले, "सत्तर."

"मांगल्या साली शंभर होते न, बबनराव?"

"मांगल्या साली गाड्या होत्या का इतल्या? जमत असन तं भर, नाई तं मांगचा उभाच हाये."

श्रावणने मुकाट्याने गाडी लावली. वाटेत कौसल्येने विचारले, "सत्तर तं सत्तर. ते तं तुहेच न?"

"डिझल हाये, हमाली हाये, बबनरावाची दलाली, गाडीचा हप्ता. परतीले माल नाई भेटला तं रिकामंच या लागते. टायर फुटला का झालं!"

"मंग उरते काय?"

"मी उरतो न, वहिनी," तो हसला. जागरणाने लाल झालेले त्याचे डोळे मात्र हसले नाहीत. पण कौसल्येला ते पटले नाही... बायकोनेच पढवले असेल याला!

पुसदच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात ट्रक शिरला. कापसाच्या ढिगापाशी बाया पाट्या उचलत होत्या. त्यांतली एक पोटुशी बाई, केसाभुवयांवर कापसाचे पांढरे पुंजके बसलेली, खोकत खोकत वळली आणि कौसल्येला पाहून तिने घाईने पदर ओढून तोंड झाकले. फाटक्या लुगड्यातली ती सत्यशीला होती!

कौसल्या घाईने ट्रकमधून खाली उतरली. "तू...? अशा पोटानं?"

"जाऊबाई, इथं काहून आल्या तुमी?" सत्यशीला रडू लागली. "हप्ता चुकला का गाडी ओढून नेतात. म्हनून..."

"अन् ते हिरवी साडी?"

"घरमालकिणीची होती. मांगून नेसली."

"कायले? मले जाळाले?"

"नाई वो! तुमच्या म्हशी वाया गेल्या असं वाटू नये तुमाले... म्हनून!"

जिच्या नावाने आपण बोटे मोडली, ती आपल्याच मनाला जपत ही पाटी वाहत होती! कौसल्येने जावेच्या डोक्यावरची पाटी खाली उतरवली आणि तिला छातीशी घट्ट धरले.

"सेठकडं ड्रायव्हर होतो तवा जास्त उरत होते, वहिनी," श्रावण मान खाली घालून म्हणाला. "सेठ अजून म्हंते, गाडी दे अन् नोकरीवर ये. पण तुमच्या म्हशीची गाडी परक्याच्या दारात कशी उभी करू?"

बाजारात ताठ मानेने सांगायला तिच्याजवळ एवढेच तर होते... आमच्या घरचा ट्रक! कौसल्येने एकवार त्या ट्रककडे पाहिले.

"इकून टाक," ती म्हणाली. "म्हशी माह्या होत्या, मी सांगतो. अन् हिले मी ढाणकीले नेतो."

ट्रक गेला. देणे फेडण्यातच बहुतेक पैसा सरला. बाजारातल्या बाया हसल्या. कौसल्येने ते ऐकून घेतले. सत्यशीलेचे बाळंतपण तिने स्वतःच्या हातांनी केले आणि मुलगी झाली.

पुन्हा सेठच्या गाडीवर लागलेला श्रावण आता पगार झाला की ढाणकीला येई आणि उंबऱ्यातूनच आधी हाक मारी, "सत्यशीला!" चुलीपाशी बसलेल्या कौसल्येच्या काळजात ती हाक अजूनही बारीक काट्यासारखी रुते. मत्सर काही मेला नव्हता! पण ती मांडीवरच्या तान्हीला उचलून म्हणे, "जाय वो माय, बाप आला तुहा," आणि लेकरू जावेच्या हाती देऊन दिरासाठी भाकर थापायला घेई.