ओल्या रंगावरचं कुंकू

"आई, पहिलं बोट तू लाव," म्हणत ध्रुवने कुंकवाचा करंडा पुढे धरला, आणि विद्याचा हात नकळत पदराआड गेला...

खंडेनवमीची सकाळ होती. फाटकाशी ध्रुवची कोरी मारुती झेंडूच्या माळा घालून उभी होती. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या नोकरीला वर्ष होत नाही तोच पोराने गाडी दारात आणली होती, आणि अशा वेळी कुंकू लावायचा मान आईचाच असतो, हे का त्याला कुणी शिकवायला हवं होतं? पण व्हरांड्यात बसलेल्या तिच्या नवऱ्याने, श्रीरंगने, पेपरातून मान वर न काढता सांगितलं, की शेजारच्या भाग्यलक्ष्मी अक्कांना बोलव, त्या लावतील. आवाज चढला नाही, शब्द कडू नव्हते. तरी विद्याच्या अंतःकरणातली ती जुनी जखम पुन्हा भळभळली!

ध्रुवच्या जन्माआधीची गोष्ट. शिवाजीनगरच्या भंगारबाजारात श्रीरंगला एका विलायती स्पोर्ट्स कारचा सांगाडा सापडला होता. दोन आसनं, उघडा टप, तारांची चाकं... आणि इंजिनात उंदरांचा संसार. लोक हसले. श्रीरंगने तो सांगाडा देवाप्पा मिस्त्रीच्या मदतीने परसात आणून टाकला, आणि दोन वर्षं ऑफिस सुटलं की त्याचं जग तेवढंच उरलं. नवी नवरी विद्या रुसली नाही. उलट पदर खोचून कामाला लागली. चाकांच्या गंजलेल्या तारा तिने एकेक करून चिंचेने घासल्या, घरची समई घासावी तशा. बोटं सोलली की श्रीरंग हसून त्यांवर फुंकर घालायचा. त्या फुंकरीसाठी तिने आणखी चार गाड्या घासल्या असत्या!

शेवटी लाल ड्यूको रंगाचा हात बसला. कब्बन पार्कातल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात ती न्यायची होती. रंग अजून कच्चा आहे, कुणी बोटही लावू नका, असं बजावून श्रीरंग देवाप्पाकडे हत्यारांच्या पूजेला गेला. दिवस हाच, खंडेनवमीचा. परतला तो बॉनेटवर कुंकवाची पाच बोटं! त्याने घाईने रॉकेलचा बोळा फिरवला, तर कुंकू पसरलं आणि रंगाची सालं निघाली. मेळावा तोंडावर, पुन्हा रंगवायला वेळ नाही. "कुणी केलं हे?" तो ओरडला.

दारात दोघीच होत्या. विद्या, आणि सासूबाई... अंबूबाई. ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या, कुठल्याही मंगलकार्यात आपण होऊन मागच्या खोलीत जाऊन बसणाऱ्या. लेकाचं कौतुक डोळ्यांत मावेना, तेव्हा त्या माउलीला आपण कोण आहोत याचाच क्षणभर विसर पडला होता. आता त्यांची लाल बोटं लुगड्याच्या निऱ्यांत लपली होती, आणि चेहऱ्यावर असं भय होतं, की विद्याला ते पाहवेना. विधवेने कुंकवात हात घातला हे गल्लीला कळलं असतं तर?

"मी लावलं," विद्या म्हणाली.

श्रीरंगने तिच्याकडे परक्यासारखं पाहिलं. "माझ्या कष्टांची तुला एवढीच कदर! यापुढे माझ्या कशालाही हात लावू नकोस." ती गाडी त्याने मिळेल त्या भावाला विकून टाकली आणि शब्द मात्र अक्षरशः पाळला. स्वतःचा डबा स्वतः भरला, स्वतःचे शर्ट स्वतः घडी केले. तिला तो कधी टाकून बोलला नाही, बोललाच कमी. ध्रुव झाला, मोठा झाला, संसार लोकांच्या दृष्टीने सुखाचा झाला... आणि विद्या तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसत राहिली.

"अज्जी, सावकाश!" ध्रुवच्या हाकेने ती भानावर आली.

नव्वदीला टेकलेल्या अंबूबाई काठी टाकून गाडीशी पोचल्या होत्या. अलीकडे त्यांना काल आणि आजचा मेळ लागत नसे. ध्रुवच्या हातातल्या करंड्यात त्यांनी बोटं बुडवली आणि बॉनेटवर पाच ओळी ओढल्या. "माझ्या लेकाच्या, रंगाच्या गाडीला दृष्ट लागायला नको," त्या पुटपुटल्या. मग एकदम दचकून बोटं निऱ्यांत लपवली, आणि विद्याकडे वळून हलकेच म्हणाल्या, "सूनबाई, रंगाला सांगू नको हं. मागच्यासारखं तूच लावलं म्हण."

पेपर खाली आला.

श्रीरंग उठला. आईपाशी गेला, निऱ्यांत लपलेला तो हात त्याने बाहेर काढला, आणि त्या सुरकुतलेल्या लाल बोटांकडे पाहिलं. मग ध्रुवच्या हातातला करंडा घेऊन तिच्यापुढे धरला. "आई, स्वल्पच लागलंय ग. अजून लाव." अंबूबाईंनी आधी सुनेकडे पाहिलं. विद्याने मान हलवली, तेव्हा त्या लहान मुलीसारख्या हसल्या आणि सबंध पंजा करंड्यात घातला.

श्रीरंग मागे वळला. "विद्या... एका शब्दाने तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर आईंनी जन्मात पुन्हा आनंदाने कशाला हात लावला नसता. तुम्ही मला विचाराल, वाटलं होतं. आज ना उद्या, शांतपणे विचाराल." तिचे डोळे भरून वाहू लागले, पण ते तिने पुसले नाहीत. "मी देवी नाही हो. माझ्या मनात फार राग साठलाय. एका दिवसात जायचा नाही तो."

"नाही गेला तरी चालेल," श्रीरंग म्हणाला. "रोज थोडा थोडा काढ माझ्यावर. मी ऐकेन."

विद्याने सासूबाईंचा माखलेला हात धरला आणि त्यांना नळाकडे नेऊ लागली. दोन पावलांवर ती थांबली आणि मागे न बघता म्हणाली, "अहो, पाणी सोडा जरा."

श्रीरंग धावत गेला आणि त्याने नळ सोडला.