दुधी काचेतला सरळ माणूस

ज्याच्यावर हे गुदरलं, तो माणूस या क्षणी आमच्या बाहेरच्या खोलीत चहा पीत बसलाय. त्यामुळे ऐकीव गोष्ट म्हणून सोडून देऊ नका.

माझ्या बायकोचा थोरला भाऊ. घरात सगळे त्याला दादा म्हणतात, मीही म्हणतो. भुताखेतांचा विषय निघाला की टिंगल करणारा माणूस. आज तो बंदरावरच्या धक्क्याच्या रस्त्याने स्कूटरसुद्धा नेत नाही.

आणि हे रात्री-बेरात्री घडलेलं नाही. टळटळीत उन्हात, भरल्या धक्क्यावर, माणसांच्या देखत घडलं.

दादाचा फोटो स्टुडिओ आहे. मूळचा वडिलांचा. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे अल्बम, असली कामं. पण वडिलांचा जीव त्यात कधीच नव्हता. त्यांचा जीव एका मोठ्या लाकडी कॅमेऱ्यात होता. पुढे भिंग, मध्ये भाता, मागे दुधी काच. डोक्यावर काळं कापड घ्यायचं आणि त्या काचेवर समोरचं चित्र बघायचं. ते चित्र उलटं पडतं. माणसं डोकं खाली पाय वर, बोटी वर, आभाळ खाली. त्या कॅमेऱ्याची रीतच तशी आहे, त्यात भुताटकी काही नाही.

एवढं मात्र लक्षात ठेवा. त्या काचेवर सगळं उलटं दिसतं.

सगळं.

सुट्टीच्या दिवशी वडील हा कॅमेरा घेऊन धक्क्यावर जायचे. मासळीच्या बोटी, क्रेन, बर्फाचा कारखाना, जाळी सांधणाऱ्या बायका यांचे फोटो काढायचे. बरोबर दादाच्या पाठच्या भावाला, धाकट्याला न्यायचे. त्याला स्टुलावर उभं करून आपल्याबरोबर कापडाखाली घ्यायचे. दादाने हट्ट केला की म्हणायचे, तू दुकान बघ, माझी भिस्त तुझ्यावर आहे.

ही भिस्त दादाने आयुष्यभर वाहिली. धाकटा शिकायला म्हणून लांब गेला तो तिकडेच रमला. वडिलांनी अंथरूण धरलं तेव्हा भांडं दादाने दिलं, दाढी दादाने केली. हॉस्पिटलात खाटेला लागून स्टूल टाकून रात्रंदिवस दादाच बसला. धाकटा पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

"शेवटी काही बोलले का रे?" आईने विचारलं.

"काही नाही," दादा म्हणाला.

आणि तो कॅमेरा? तो त्यांनी धाकट्याच्या नावाने आधीच काढून ठेवायला लावला होता.

वर्षभराने धाकटा परत आला तो डोक्यात खूळ घेऊनच. धक्का लवकरच पाडणार होते. त्याआधी तिथल्या प्रत्येक कामकऱ्याचा त्याच कॅमेऱ्याने फोटो काढायचा, माणसाएवढा छापायचा आणि गोदामाच्या भिंतीवर लावायचा. वडिलांचं राहिलेलं काम पुरं करायचं. खर्च ऐकून आईने कपाळाला हात लावला. मग इंटरनेटवर लोकांकडे मागायचं ठरलं. क्राउडफंडिंग. मुदतीत आकडा भरला तर पैसे हातात येणार. नाही भरला तर ज्याचे त्याला परत, आणि काम बंद.

देणाऱ्याला बदल्यात काय? धाकट्याने लिहिलं होतं, कितीही द्या, धक्क्यावर या, आणि एकदा काळ्या कापडाखाली डोकं घालून बघा.

दादा रोज दुकानात बसून ते पान उघडायचा. आकडा अडला की त्याला जेवण गोड लागायचं. चढला की गिऱ्हाइकांवर खेकसायचा. लोक खाली कौतुकाने लिहायचे, वडिलांचा खरा मुलगा.

"तो खरा, मग मी काय दत्तक?" असं तो मला म्हणाला. हसतच म्हणाला, पण कप दाणकन आपटला.

आईने भरीला घातलं म्हणून तो मदतीला जायचा. स्टँड उचलायचा, फोटो उमटतो त्या प्लेटा सांभाळायचा. कापडाखाली मात्र कधी गेला नाही. धाकटा म्हणायचा, ये ना, बघ ना. यावर दादाचं ठरलेलं उत्तर, मला त्यात काय नवीन?

खरी गोष्ट अशी की त्या काचेत त्याने जन्मात कधी पाहिलं नव्हतं. त्याला कुणी दाखवलंच नव्हतं.

मुदत जवळ आली. आकडा निम्म्यावर अडून बसला होता. आता हे बारगळणार, म्हणून दादा मनातून खूश.

आणि त्या दुपारी क्रेनवाला आला. हा गडी भलता बोलका. थोडे पैसे दिले होते, म्हणून बघायला आला. धाकटा नेहमीसारखा समोर, पाण्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. बघणाऱ्याला बघायला कुणीतरी हवं ना. क्रेनवाल्याने कापडात डोकं घातलं आणि खदाखदा हसत सुटला. सगळे वटवाघळासारखे लटकलेत म्हणाला.

मग हसू थांबलं...

त्याने डोकं बाहेर काढलं. समोर पाहिलं. परत आत घातलं. परत बाहेर.

"तो एक सरळ कोण आहे?"

सरळ कोण असणार? धाकट्याने धावत येऊन पाहिलं. काचेवर उलटा धक्का, उलटी क्रेन. बाकी कुणी नाही. उन्हाने डोकं फिरलं म्हणून सगळ्यांनी क्रेनवाल्याची फिरकी घेतली.

पण मग जाळी सांधणारी मावशी आली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. धाकटा पुन्हा समोर जाऊन उभा राहिला. ती कापडाखाली गेली.

"म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर सरकवलाय," ती आतूनच म्हणाली. "एक डोळा मिटलाय. माझ्या डोक्यावरून बघतोय... तुझ्याकडेच बघतोय, पोरा."

दादाच्या हातातली प्लेट खाली पडली. चष्मा कपाळावर आणि एक डोळा मिटलेला. वडील असेच उभे राहायचे. कॅमेरा हातात नसला तरी.

धाकटा तिथेच ओक्साबोक्शी रडला. बाबा आलेत, बाबा आलेत.

बातमी धक्काभर झाली. बर्फवाले आले, हमाल आले, बोटीवरचे आले. ज्याने त्याने खिशात हात घातला आणि कापडात डोकं घातलं. जो बाहेर येई तो तेच सांगे. म्हातारा आहे, सरळ उभा आहे, धाकट्याकडे बघतोय, चेहरा समाधानी आहे. मुदतीच्या आत आकडा भरला. वर चार पैसे उरले.

दादाच्या अंगाचा नुसता तिळपापड. ज्याने गू-मूत काढलं त्याच्या स्वप्नातसुद्धा हा बाप आला नव्हता. आणि मेल्यावर उठून आला तो कुणाचा आकडा भरायला? धाकट्याचा!

गंमत म्हणजे धाकट्याला ते एकदाही दिसले नाहीत. तो कापडाखाली गेला की काच रिकामी.

शेवटच्या प्लेटच्या दिवशी तो दादाला म्हणाला, "तू बघ ना एकदा. तुला नक्की दिसतील. त्यांच्याजवळ तूच होतास."

आणि तो पाण्याच्या कडेला जाऊन उभा राहिला.

दादाने कापड डोक्यावर ओढलं.

आत मिट्ट काळोख, आणि त्यात ती उजळ काच. उलटा धक्का. उलट्या बोटी. उलटा धाकटा हात हलवत होता. दादा सांगतो, इतकं सुंदर त्याने काही पाहिलं नव्हतं. लहानपणी हे कुणी दाखवलं असतं तर, असं त्याच्या मनात आलं.

सरळ कुणीच नव्हतं.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "मी काय घोडं मारलं होतं तुमचं?"

बाहेरचे आवाज थांबले.

क्रेनची घरघर नाही. पाणी नाही. माणसं नाहीत.

मग वास आला... फोटो धुवायच्या औषधाचा. वडिलांच्या बोटांना कायम यायचा तो.

मग श्वास ऐकू आला... एक त्याचा स्वतःचा. आणि एक दुसरा.

आणि काचेत कुणीतरी उभं होतं. सरळ. चष्मा कपाळावर.

दादाला तेव्हा कुठे कळलं. भिंगातून आलेलं सगळं उलटं पडतं. काचेत सरळ दिसतं ते फक्त प्रतिबिंब. म्हणजे वडील समोर कधीच नव्हते.

ते मागे होते. कापडाच्या आत.

त्याला मागे वळवेना. पण तुम्हाला खरं सांगतो, त्याला भीती वाटली नाही. आनंद झाला. आले, माझ्यासाठीही आले! त्याने काचेतच त्यांच्या नजरेला नजर द्यायला पाहिलं. ते बघत होते त्याच्या खांद्यावरून पलीकडे. त्यांनी मान एकदा डावीकडे काढली, एकदा उजवीकडे. कपाळाला आठी पडली.

मग त्याच्या खांद्यावर हात आला. गार.

त्या हाताने त्याला बाजूला सारलं.

"हल जरा. धाकटा दिसत नाही."

दादा हलला.

तो मला म्हणाला, ओरडलो असतो तरी चाललं असतं, पळालो असतो तरी चाललं असतं. पण मी मुकाट्याने हललो रे. तेव्हासारखाच.

तेव्हासारखा म्हणजे? मी विचारलं. त्यावर त्याने मला जे सांगितलं ते आईला अजून माहीत नाही. हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी धाकटा येणार म्हणून वडिलांचे डोळे दाराकडे लागले होते. दादाचं स्टूल खाट आणि दार यांच्या मध्ये होतं.

वडील शेवटचं हेच बोलले होते. हेच शब्द.

फोटो भिंतीवर लागले, धाकट्याचं नाव झालं, धक्का पडला. एकाही फोटोत जादा माणूस नाही, मी जवळ जाऊन पाहिलंय. कॅमेरा धाकट्याकडे पेटीत बंद आहे. मग हे संपायला हवं होतं ना?

आत्ता मी हे लिहितोय तेव्हा बेल वाजली. धाकटा आलाय. बायकोने दार उघडलं, तो आत येऊन समोरच्या खुर्चीत बसला.

आणि दादा कप हातात घेऊन सोफ्यावर थोडा बाजूला सरकला. त्याच्या मागे भिंत आहे. नुसती भिंत.

थोडं थांबून तो आणखी सरकला.

"सरकलोय, बाबा," तो अगदी हळू म्हणाला.