बारा वीसचा रिपोर्ट

खोटं सांगून मला काय मिळणार? सत्तावीस वर्षं झाली, उत्तर नॉर्वेतल्या आमच्या बेटावरच्या धावपट्टीशेजारी बसून मी हवा लिहिते. दर अर्ध्या तासाला एक ओळ, सगळी आकड्यांत. आधी तारीख न् वेळ, मग वारा, मग किती लांबचं दिसतं ते. महिना, साल काही नाही. वैमानिकाला आत्ताचंच हवं असतं.

मला हे शिकवलं ओस्बियर्ननं. म्हातारा भारी खवट. "काचेतून बघून लिहिशील तर हाकलून देईन! दाराबाहेर पायरीवर जा, डोळ्यांनी बघ." पहिल्याच वर्षी, चौदा जानेवारीला, बारा वीसचं बघायला तो स्वतः पायरीवर गेला... आणि पायरीपलीकडच्या कड्यावरून समुद्रात. सापडलाच नाही.

यंदा त्याच तारखेला भरदुपारी धुकं उतरलं. माझा धाकटा भाऊ इलिफ छोटं विमान घेऊन येत होता. मागे सगळीकडे हिमवादळ, इंधन एकदाच उतरण्यापुरतं. बारा वीसला पायरीवर गेले, तर शंभर मीटरवरचा खांबही जेमतेम. लिहायला आत आले, तोच रेडिओ बोलला.

"ताई, तुझा रिपोर्ट मिळाला. दीड हजार मीटर. उतरतोय."

"अरे मेल्या, मी अजून पाठवलेलाच नाही! शंभर आहे, शंभर!"

"चौदा तारीख, बारा वीस... समोरच आहे माझ्या."

मी खिडकीकडे धावले. धावपट्टीवरचं धुकं दोन्हीकडे हटत होतं, थेट दीपस्तंभापर्यंत. दीपस्तंभ बरोबर दीड हजारावर. इलिफ उतरला, चाकं थांबली, आणि धुकं पुन्हा मिटलं. आयुष्यात असं पाहिलं नव्हतं. मी रडलेच.

"कॉफी दे आधी," इलिफ आत येऊन म्हणाला.

मी मात्र कपाटातली ओस्बियर्नची जुनी वही काढली. तो गेला त्या दिवसाची शेवटची ओळ अकरा पन्नासची, खाली कोरं. दर वर्षी बघते ना मी! आज तिथे बारा वीसची ओळ होती. दीड हजार. त्याचंच तिरकं अक्षर. बोट लावलं, तर शाई बोटाला आली. मी डोक्यावरची लोकरी टोपी काढली. इलिफनंही काढली.

त्याखाली आणखी एक ओळ सुरू केलेली होती. चौदा, बारा पन्नास. पुढे काही नाही.

घड्याळात बारा एकोणपन्नास झाले होते. बाहेर पायरीवर कुणीतरी बुटांचा बर्फ झटकला, दोनदा, ओस्बियर्न झटकायचा तसा.

"ताई..." इलिफ कुजबुजला, "आज तुझ्याबरोबर ड्यूटीवर कोण आहे?"